गाडीचं सर्व्हिसिंग: काय शोरूमला, काय आपल्या पोर्चमध्ये

आमच्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात कडुनिंबाचं एक वाळकं पान होतं. मार्चमध्ये सहज डबा उघडला तेव्हा फिल्टरच्या घडीत अडकलेलं दिसलं, म्हटलं आठ दिवसांनी सर्व्हिसिंगला टाकायचीच आहे गाडी, नवीन फिल्टर बसेल तेव्हा जाईल, म्हणून तसंच राहू दिलं आणि क्लिपा लावून टाकल्या. सर्व्हिसिंग झालं, बिल आलं 9,870 रुपये, त्यात एअर फिल्टर एक नग. घरी येऊन डबा उघडला तर पान तिथेच. तोच फिल्टर, तीच काळी पडलेली घडी, तेच पान.

ही 2021 ची गोष्ट. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही आणि गाडीचंही लिहीत नाही, कारण दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मॅनेजरने बोनेट उघडून बघितलं, चूक मान्य केली आणि नवीन फिल्टर माझ्यासमोर बसवून दिला. विषय तिथे संपला. पण आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती ती त्या फिल्टरच्या तीनशे रुपयांसाठी नाही. फिल्टर मला उघडून बघता आला. ऑइलची पट्टी ओढून बघितली तर ऑइल मधासारखं स्वच्छ होतं, म्हणजे ते नक्की बदललं होतं. पण जॉब कार्डावर "ब्रेक क्लीनिंग" लिहिलं होतं, "सर्व फ्लुइड चेक" लिहिलं होतं, ते मी कसं बघणार? आणि दर महिन्याला आम्ही चौघं ह्याच गाडीतून कसारा घाट उतरून मुंबईला जातो.

आत्ता हे लिहायचं कारण म्हणजे माझ्या नणंदेने नवीन गाडी घेतली आणि परवा तिचा फोन आला, "वहिनी, तू गाडीचं सगळं घरीच करतेस ना, मग मी शोरूमला पैसे कशाला घालू?" मी सगळं घरी करत नाही. आणि तिने तर इतक्यात मुळीच करू नये असं माझं मत आहे. फोनवर अर्धा तास बोलले तरी पूर्ण झालं नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मुळात माझ्या हाताला ही सवय लागली ती वडिलांमुळे, आम्ही त्यांना दादा म्हणतो. निफाड तालुक्यात आमची थोडी द्राक्षबाग आहे, आणि आमचा ट्रॅक्टर कधी ऑइल बदलायला बाहेर गेलेला मला आठवत नाही. ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंग किलोमीटरवर नसतं, तासांवर असतं, आणि दादा तासांचं मीटर बघून शाळेच्या जुन्या वहीत लिहून ठेवायचे, की इतक्या तासांना ऑइल बदललं, पुढचं 250 तासांनी. त्या ट्रॅक्टरला ऑइलमध्ये धूळ पकडणारा जुन्या पद्धतीचा एअर क्लीनर होता, खालचा बाउल सोडवला की तळाशी काळा चिकट गाळ बसलेला असायचा. तो डिझेलने धुवायचा, पुसायचा, खुणेपर्यंत नवीन ऑइल घालायचं, हे काम माझं. उन्हाळ्यात नांगरट चालू असली की मध्येच परत करायला लागायचं. दादा म्हणायचे, "अगं, शेतात आपण जेवढी धूळ खातो त्याच्या कितीतरी पट इंजिन खातं, त्याला कुणी विचारतं का." त्यामुळे एअर फिल्टर बदलला असं लिहून न बदलणं मला एवढं का लागलं ते कळेल. धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा घासतात, आणि ते लगेच दिसत नाही, काही वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते तेव्हा दिसतं.

पण म्हणून चिडून दुसऱ्या दिवसापासून सगळं घरी करायला घेतलं असं झालं नाही. मी आधी गाडीसोबत आलेलं मॅन्युअल काढलं, ग्लव्ह बॉक्समध्ये तीन वर्षं प्लॅस्टिकमध्येच पडून होतं, आणि मागचा मेंटेनन्सचा तक्ता वाचला. माझ्या गाडीला ऑइल आणि ऑइल फिल्टर दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. बाकी बहुतेक ठिकाणी "तपासा" लिहिलंय, "बदला" नाही. आणि ज्या गोष्टींसाठी दर वेळी अकराच्या सुमाराला फोन यायचा की मॅडम, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करून घेऊ ना, इंजिन डीकार्बनायझेशन करून घेऊ ना, एसी डिसइन्फेक्शन आपल्याकडे ऑफरमध्ये चालू आहे, त्यातली एकही त्या तक्त्यात नव्हती! एकही नाही. गाडी थांबलेली असताना आरपीएम वरखाली होत असेल, एसीला वास येत असेल, तर ती कामं करावीत, पण तक्रार काहीच नसताना फक्त विचारलं म्हणून हो म्हणत गेलं तर बिलाचा तिसरा हिस्सा त्यातच जातो, माझा गेला होता. सर्व्हिस ॲडव्हायजरला दोष देऊन उपयोग नाही, त्या मुलांना टार्गेट असतं. "तक्त्यात नाही ना, मग राहू द्या" एवढं एक वाक्य पुरतं. हे वाक्य बोलायला हात काळे करावे लागत नाहीत आणि पैसे सगळ्यात जास्त ह्यानेच वाचतात.

मग कुठलं काम मी करायचं आणि कुठलं नाही, हे ठरवायला मी बराच काळ लावला. नेटवर लोक सोपं-अवघड असं विभागतात, पण मला ते पटत नाही, कारण ब्रेक पॅड बदलणं तसं सोपंच आहे, दोन बोल्ट आणि एक पिस्टन मागे दाबायचा. माझा प्रश्न वेगळा आहे: माझ्या हातून चूक झाली तर ती कुठे कळेल? ऑइलचा नट नीट बसला नाही तर सकाळी पोर्चच्या फरशीवर डाग दिसतो. एअर फिल्टर वाकडा बसला तर डब्याची क्लिप लागत नाही. बॅटरीचं टर्मिनल ढिलं राहिलं तर गाडी सुरूच होत नाही. ही सगळी कामं माझी, कारण चूक झाली तर मी घरातच आहे. पण ब्रेकमध्ये चूक राहिली तर ती पोर्चमध्ये कळत नाही, ती कसाऱ्याच्या उतारावर कळते. ते काम मी करत नाही, कितीही सोपं असलं तरी.

ब्रेक फ्लुइडचं थोडं सविस्तर सांगते कारण हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं आणि शोरूमवाले डीकार्बनायझेशन विचारतात पण हे क्वचित विचारतात. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं, हळूहळू, दोनतीन पावसाळ्यांत. नवीन डॉट 4 ग्रेडचं ब्रेक फ्लुइड किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तो आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. आता घाटात तुम्ही सतत ब्रेक दाबत उतरताय, डिस्क तापल्या, उष्णता फ्लुइडपर्यंत गेली, आणि ते आत उकळून बुडबुडे झाले, तर पेडल एकदम मऊ होऊन खाली जातं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, एवढंच कारण. म्हणून बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन वर्षांनी फ्लुइड बदला असं लिहिलेलं असतं, गाडी चालली असो नसो. हे मी न चुकता वर्कशॉपमध्ये करून घेते आणि करताना तिथे उभी राहते. आणि घाट उतरताना खालचा गिअर, हे तर आहेच.

एअरबॅग, एबीएस, एसीचा गॅस, स्टिअरिंग, ह्या गोष्टींनाही मी हात लावत नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर बोनेटखालच्या केशरी वायरींच्या जवळपासही जाऊ नये.

बरं आता ऑइल. पहिल्यांदा केलं तेव्हा दादा मुद्दाम गावाहून आले होते, 2021 च्याच दिवाळीत. आमचं रो-हाउस आहे, पोर्चची फरशी सपाट आहे, हे महत्त्वाचं, उतारावर हे काम करायचं नाही. गाडीसोबत येतो तो जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, आणि विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावून तर नाहीच नाही, ब्लॉक चिरतो तेव्हा आधी आवाज करत नाही. मी दोन लोखंडी जॅकस्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे स्टँड, घेतले, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, गाडी हलवून बघितली, आणि मगच खाली सरकले. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलेलं, गरम नाही. चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट सोडवला, टबात ऑइल पूर्ण गळू दिलं, चहा होईपर्यंत. जुना फिल्टर काढला, नवीन फिल्टरच्या रबराच्या रिंगला बोटाने ऑइल लावून हातानेच आवळला, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. जुन्या फिल्टरची रबर रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते, ती निघाली का बघायचं, दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळं ऑइल रस्त्यावर.

मग माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे तो ग्रेड, 0डब्ल्यू-20, फिल्टरसकट 3.1 लिटर. इथे दुकानदार म्हणतो ताई आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइल घाला, माझ्या दुकानदाराने पण सांगितलं होतं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच घाला. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो आणि दुसरा इंजिन तापल्यावरचा, आणि इंजिनच्या आतल्या फटी त्या दुसऱ्या आकड्याला धरून बनवलेल्या असतात. सगळं ऑइल एकदम ओतू नका, तीन लिटरला थोडं कमी घाला, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, पट्टी बघा, मग वरचं थोडंथोडं.

पहिल्या वेळी माझी एक चूक झाली. नटाखालचा वायसर जुनाच ठेवला, दिसायला ठीक होता. सकाळी फरशीवर रुपयाएवढे दोन डाग. तो वायसर एकदा दाबला की चपटा होतो आणि दुसऱ्यांदा सील करत नाही, म्हणून दर वेळी नवीन घ्यायचा असतो, पंधरा रुपयांची वस्तू. माझा पहिला विचार होता नट अजून आवळू, दादांनी हात धरला. "आटे गेले तर चेंबर बदलायला लागेल पोरी." मग ऑइल परत स्वच्छ टबात काढलं, वायसर आणून बसवला, तेच ऑइल परत घातलं. तेव्हापासून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला इशारा देणारा पाना, वापरते, मॅन्युअलच्या आकड्याला टक्कन आवाज आला की थांबायचं. अंदाजाने आवळण्यात बायका कमी आवळतात आणि पुरुष जास्त आवळतात असं लोक म्हणतात, माझ्या मते दोघंही चुकतात, रेंच घ्या.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी. मागच्या वेळी ऑइल 1,650, ऑइल फिल्टर 140, वायसर 15, एअर फिल्टर 310, केबिन फिल्टर 380, म्हणजे 2,495 रुपये. शोरूमच्या त्या 9,870 शी ह्याची तुलना करू नका, त्या बिलात अलाइनमेंट-बॅलन्सिंग, वॉशिंग, वरच्या ट्रीटमेंट, लेबर आणि लेबरवरचा 18 टक्के जीएसटी असं सगळं होतं. आणि माझे जॅकस्टँड, पान्यांचा सेट, टॉर्क रेंच मिळून साधारण सहा हजार आधी गेलेत. पहिल्या वर्षी काहीच वाचलं नाही. शिवाय वर्षातून एकदा लिफ्टवर चढवण्याचे, ब्रेक फ्लुइडचे पैसे वेगळे. वाचतात, पण लोक सांगतात तेवढे नाहीत, आणि वर्षाला सातआठ हजार किलोमीटरच गाडी चालत असेल तर केवळ पैशासाठी हा उद्योग करू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

लिफ्टचं का म्हणते ते सांगते. 2023 मध्ये, 48,000 च्या आसपास, मी ब्रेकसाठी गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या भाऊकडे नेली. त्याने लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं, "ताई, इकडे बघा." उजव्या चाकाच्या ॲक्सलचं रबरी बूट, म्हणजे सांध्यातलं ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण, फाटलं होतं, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं. मी सहा महिन्यांपूर्वी त्याच गाडीखाली झोपून ऑइल काढलं होतं. मला दिसलं नाही, कारण माझ्या पोर्चमध्ये गाडीखाली फूटभर जागा आणि हातात टॉर्च, आणि मी फक्त चेंबरच्या नटाकडे बघत होते. बूट स्वस्त असतं, पण ते फाटलेलं तसंच चालवलं की धूळ-पाणी आत जातं, वळताना टक-टक आवाज यायला लागतो आणि मग पूर्ण ॲक्सलवर जातं. रोज दहा गाड्या खालून बघणाऱ्या माणसाचा डोळा माझ्याकडे नाही, तो यायलाही दहा-पंधरा वर्षं लागतात. त्या दिवसापासून वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर जातेच, काही तक्रार असो नसो.

आता नणंदेचा मुद्दा, नवीन गाडी आणि वॉरंटी. आपल्याकडे 2014 च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड लावला होता, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हते. त्याच आदेशात असंही होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतंच नाकारा. कंपन्या अपिलात गेल्या आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. तत्त्व म्हणून मला ते शंभर टक्के पटतं. पण उद्या तिच्या गाडीच्या इंजिनमध्ये काही निघालं तर ती आयोगाकडे जाणार आहे की काउंटरवर उभी राहून सर्व्हिस हिस्टरी दाखवणार आहे? एक्स्टेंडेड वॉरंटीच्या कागदावर तर अधिकृत सर्व्हिसिंगच्या नोंदी बहुतेक वेळा स्पष्ट मागितलेल्या असतात. शिवाय सुरुवातीच्या सर्व्हिसिंगला लेबर फ्री असतं, ते आपण गाडीच्या किमतीतच भरलेलं आहे. तेव्हा वॉरंटी आहे तोवर शोरूम. रिकॉल निघाला, म्हणजे काही दोषासाठी कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या, तर तेही काम फुकट आणि शोरूममध्येच होतं, चॅसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर अधूनमधून बघावं.

पण ह्याचा अर्थ तोवर बोनेट उघडायचंच नाही असा नाही. टायरची हवा थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, स्वतःचा गेज घेऊन बघणं, ऑइलची पट्टी, कूलंटची पातळी बाहेरच्या टाकीवर, गरम असताना झाकण न उघडता. केबिन फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो बऱ्याच गाड्यांत, दहा मिनिटांचं काम. पावसाळ्याआधी वायपरच्या खालची जाळी साफ करणं, तिथे गुलमोहराची पानं साचून पाणी जायचं भोक बुजतं आणि पाणी गाडीत उतरतं, आमच्या गल्लीत दरवर्षी एकाची तरी मॅट भिजते. पावसात उंदीर बोनेटखाली येऊन वायरी कुरतडतात तेही रोज बोनेट उघडणाऱ्यालाच लवकर कळतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी, जिथे पार्किंगमध्ये ऑइल काढू देत नाहीत, एवढं केलं तरी खूप आहे.

आणि घरी ऑइल बदलणाऱ्यांना हात जोडून एक सांगणं. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. आमच्या भागातली गटारं नासर्डी नदीला मिळतात आणि नासर्डी गोदावरीला. वापरलेलं ऑइल हा नियमाने घातक कचरा आहे, त्यात इंजिन घासून निघालेले धातूचे कण असतात. मी रिकाम्या कॅनमध्येच परत भरून भाऊकडे देते, त्याच्याकडून ते गोळा करणारे नेतात, त्यावर प्रक्रिया होऊन परत वापरता येतं. दादा पूर्वी ते बागेतल्या लाकडी खांबांना वाळवीसाठी लावायचे, अख्ख्या गावात लावतात, पण ते जमिनीत मुरतं आणि खांबांपासून हातभर अंतरावर आपणच द्राक्षं लावलेली असतात. त्यांना हे पटायला दोन वर्षं लागली. आता तेही कॅन साठवून ठेवतात आणि मी गेले की माझ्या डिकीत घालतात.

नणंद येत्या रविवारी गाडी घेऊन येतेय. तिला सांगितलंय पाने वगैरे काही आणू नकोस, फक्त मॅन्युअल आण आणि एक जुनं सुती फडकं. आधी ऑइलची पट्टी कुठे आहे ते तिने स्वतः शोधायचं, मी दाखवणार नाही.